ओळखीच्या बाईची हनुवटी

आईचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर पट्टी धरून त्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजत होते. चष्म्याच्या दुकानात मालक नसला की फोनही मलाच घ्यावा लागतो, म्हणून तो खांद्यावर मान वाकडी करून धरला होता.

"ते केस कायमचे घालवायचं असतं ना काहीतरी," आई म्हणाली, "त्याची जरा चौकशी कर. माझ्या ओळखीच्या एका बाईला हवंय."

"कुठले केस?"

"तोंडावरचे," ती इतक्या हळू म्हणाली की मी पुन्हा विचारलं. खरं तर पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा मुद्दाम विचारलं.

मुद्दाम अशासाठी, की या विषयावर घरात बोलायचं नाही हे आईनंच तीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. मी चौदा वर्षांची असताना माझ्या हनुवटीवर काळे, राठ केस यायला लागले. आईनं मला खिडकीपाशी नेलं, दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली, भाजीतली अळी बघावी तशी बघितली आणि म्हणाली, "आमच्याकडे कुणालाच नाही बाई असलं. आत्यावर गेलीस." आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला वरच्या ओठावर चांगली ठसठशीत लव होती आणि ती तशीच मिरवत मोठमोठ्यानं हसायची. त्या दिवसापासून ती मला डोळ्यांसमोर नकोशी झाली. ती मला जवळ घ्यायला आली की मी अंग चोरायचे. ती वारली तेव्हा मी गेलेही नाही, दुकानात सुट्टी मिळत नाही असं कळवलं. आईचा चेहरा मात्र धुतलेल्या बशीसारखा स्वच्छ होता. त्या बशीकडे बघत मी मोठी झाले.

कायमचे घालवण्याच्या बाबतीत माझ्याएवढं शहाणं माणूस सापडणं कठीण, कारण मी सगळ्या प्रकारांत तोंड भाजून घेतलेलं आहे. क्रीम लावून झालं, दोऱ्यानं काढून झाले, मेण लावून झालं. शेवटी लेझर. लेझर केसाच्या मुळातला काळा रंग पकडतं आणि त्या वाटेनं आत जाऊन मूळ जाळतं, म्हणून आधी महिनाभर केस उपटायचे नाहीत, फक्त वस्तऱ्यानं वरवर काढायचे, असं लेझरवाल्यांनी मला कागदावर लिहून दिलं होतं. मी तो कागद वाचला. आणि प्रत्येक वेळी जायच्या आदल्या दिवशी चिमटा घेऊन बसले, हनुवटी साफ केली आणि मगच गेले. त्या गुळगुळीत पोरीसमोर खुंट घेऊन कोण बसणार? सहा वेळा त्यांनी माझ्या रिकाम्या कातडीवर दिवे लावले. मुळं तिथं नव्हतीच, ती माझ्या बेसिनमधून वाहून गेली होती. इतका मूर्खपणा करायला अक्कल लागत नाही, लाज पुरते.

तर त्या शनिवारी मी आईकडे गेले. आई माझ्या भावाकडे राहते. भाऊ आणि वहिनी बाहेर गेले होते. आईनं चहा आणला तेव्हा कप बशीत खडखडत होता, कारण वर्षभरापासून तिचे हात थरथरतात. हनुवटीखाली एक चिकटपट्टी होती.

"हे काय?"

"कपाटाचं दार लागलं."

हनुवटीच्या खालच्या अंगाला कपाटाचं दार लागायला माणूस जमिनीवर आडवा पडलेला असायला हवा. माझं कामच असं आहे की मी दिवसभर माणसांचे चेहरे वीतभर अंतरावरून बघते. चिकटपट्टीच्या आजूबाजूला काळपट, जाड झालेली कातडी होती, बारीक खड्डे होते, दोन-तीन ठिकाणी पांढरा, राठ खुंट होता. अशी कातडी एका दिवसात होत नाही आणि एका वर्षातही होत नाही. ती मला चांगली ओळखू येते, कारण माझ्या तोंडावर तीच आहे.

मला दया यायला हवी होती. आली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बाथरूमला कडी लावून अर्धा तास बसायची, वडील बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत असायचे, आणि आम्ही म्हणायचो की आईला स्वच्छतेची फार आवड!

"तुझ्या ओळखीच्या बाईचं वय काय?" मी विचारलं.

"असेल माझ्याएवढी."

"केस काळे की पांढरे?"

"पांढरे. म्हणजे, ती म्हणाली तसं."

"आणि इतकी वर्षं काही नाही, आता एकदम कसली घाई?"

"तिचं ऑपरेशन आहे."

"खुब्याचं?"

"असेल खुब्याचं," आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता चहा प्यायली.

आईचं खुब्याचं ऑपरेशन चार आठवड्यांवर आलं होतं. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये, तिथं नर्स अंग पुसणार, आणि पुढे दीड महिना घरी, तिथं वहिनी आंघोळ घालणार. दोन्ही ठिकाणी आतून कडी नाही. हात थरथरतात म्हणून चिमटा हनुवटीत घुसतो, डोळ्यांना पांढरा केस दिसत नाही, आणि आता सगळ्या जगाला दिसणार. आईची भीती मला एका क्षणात कळली. मी तिला मदत करायचं ठरवलं, पण उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही, मला त्याबदल्यात काहीतरी हवं होतं. तिनं आत्याचं नाव मागे घ्यायला हवं होतं. एकदा, माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं.

पहिल्यांदा लेझरवाल्यांकडे गेलो. आईच म्हणाली, "सुई नको, दिव्याचं बरं." दालन इतकं पांढरं की आत गेल्यावर आपणच डाग वाटायला लागतो. सल्ला देणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती आणि तिच्या चेहऱ्यावर भुवया सोडून केस उगवायची कुणाची हिंमत नव्हती. तिनं आम्हाला फोटो दाखवले, आधीचे रडके, नंतरचे हसरे. "कायमस्वरूपी घट होते," ती म्हणाली.

"घट म्हणजे जातात की नाही?" मी विचारलं.

"म्हणजे खूप कमी होतात."

"कायमचे कमी होतात की कमी कायमचे होतात?"

"मॅडम, प्रत्येक त्वचा वेगळी असते," तिनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि आईकडे वळली. "त्रास तुम्हाला आहे का?"

"मला नाही. ओळखीच्या बाईला."

"मग त्यांना घेऊन या ना."

"ती येत नाही. लाजते."

मुलीनं आईच्या चिकटपट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. मी म्हटलं, "त्या ओळखीच्या बाईचे केस पांढरे आहेत. पांढऱ्यावर तुमचा दिवा चालतो का?" मुलगी जराशी चाचपडली. पांढऱ्या केसात रंगच नसतो, लेझर पकडणार काय, हे तिलाही माहीत होतं. पण पाटीवर एवढं मोठं कायमस्वरूपी लिहिलेलं असताना गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं? "सहा वेळा करून बघू, थोडा तरी फरक पडेल," ती म्हणाली. मी आईचा हात धरला आणि उठवलं. बाहेर येईपर्यंत मी त्या मुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आई म्हणाली, "हळू बोल गं. किती गोड मुलगी होती." गोड मुलीच गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसतात, हे कळण्याइतकी तिची उमर नक्कीच झाली होती.

राहिली सुई. सुईवाली आमच्याच दुकानाची गिऱ्हाईक, भिंगाच्या जाड काचा लावते. चपलांच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या. बारीक तार एकेका केसाच्या बाजूनं आत घालायची, पायानं बटण दाबायचं, वीज मुळापाशी जाते आणि ते मूळ मरतं. काळा असो, पांढरा असो, सगळ्यांना सारखा न्याय. एकेक केस, म्हणून वर्ष वर्ष लागतं. मी आठ वर्षं तिच्या काचा बदलतेय, पण तिच्याकडे कधी गेले नव्हते. ओळखीच्या माणसासमोर हनुवटी कशी उघडी करायची? म्हणजे बघा, खोड माझ्यातही तीच.

"हं, दाखवा," सुईवाली आईला म्हणाली.

"माझं नाही हो. माझ्या ओळखीची एक बाई..."

"मावशी, मी इथं बसून तुमच्या ओळखीच्या बाईच्या हनुवटीत सुई घालू शकत नाही. तोंड दिव्याकडे, मान वर."

आईनं मान वर केली. कुणाचंही न ऐकणारी माझी आई, त्या बाईचं मात्र निमूट ऐकलं. सुईवालीनं चिकटपट्टी काढली, भिंग खाली ओढलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"किती वर्षं उपटताय?"

"झाली असतील दोनेक. हे म्हातारपणी आलंय."

"दोन? ही कातडी तीस-चाळीस वर्षांची आहे. उपटून उपटून मुळं वाकडी झालीयेत, सुई सरळ जाणार नाही."

"दोनच," आई म्हणाली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. दात इतके आवळले होते की कानशिलं दुखायला लागली.

सुईवालीनं हिशेब मांडला. सगळे घालवायला वर्ष लागेल, पण ऑपरेशनच्या आधी दोन बैठकींत दिसणारे सगळे काढून देते. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस सुई बंद, कातडी भरून यायला हवी. अट एकच. "येण्याच्या आधी पाच दिवस हात लावायचा नाही. चिमटा नाही, दोरा नाही, काही नाही. केस बाहेर दिसला तर मला मूळ सापडणार. कायमचे घालवायचे तर आधी वाढू द्यावे लागतात, मावशी."

आईनं मान डोलवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मी तिला घ्यायला गेले तर हनुवटीवर एकाऐवजी तीन चिकटपट्ट्या. सुईवालीनं त्या काढल्या आणि दिवा बंद केला.

"एक केस नाही. काय करू मी, हवेत टोचू?"

"वहिनी सकाळी दूध द्यायला खोलीत येते," आई म्हणाली. आईसुद्धा तिला वहिनीच म्हणते, घरात सगळे म्हणतात म्हणून. "तिच्यासमोर काय तशीच बसू?"

"बसा की. ती काय पोलीस आहे?" सुईवाली म्हणाली. "आता माझ्याकडे एकच दिवस उरलाय, येता सोमवार. त्यानंतर ऑपरेशनला आठच दिवस राहतात. सोमवारी अशाच आलात तर मला माफ करा."

जिन्यावरून उतरताना मी आईला फाडून खाल्लं. एवढी तुझी अब्रू त्या चार केसांत आहे तर मग काय, जा तशीच हॉस्पिटलमध्ये, नर्सला सांग कपाटाचं दार लागलं म्हणून. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत राहिली. खाली आल्यावर म्हणाली, "मला तुझ्याकडे ने. तिथं कुणी नसतं."

म्हणून बुधवारी संध्याकाळी तिला माझ्याकडे आणलं. ऑपरेशनच्या आधी जरा बदल, असं भावाला सांगितलं. माझ्या घरात दोन चिमटे, एक वस्तरा आणि एक कात्री आहे. सगळं पर्समध्ये घातलं आणि गुरुवारी दुकानात घेऊन गेले. संध्याकाळी परत आले तर माझ्या कपाटाचे कप्पे कधी नव्हे इतके नीट लावलेले. आईनं चिमटा शोधला होता आणि मिळाला नाही म्हणून आवरून ठेवलं होतं. ती खिडकीकडे पाठ करून, गळ्यात स्कार्फ गुंडाळून बसली होती, घरात, उन्हाळ्यात.

शुक्रवारी सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले तर ती दारातच उभी होती.

"आत अर्धा तास काय करत होतीस?"

"आंघोळ."

"नळ तर पाच मिनिटंच चालू होता." तिनं माझ्या हनुवटीकडे बोट केलं, ती लाल झालेली होती. "पर्समधला चिमटा तुला बरा सापडतो. दुसऱ्याला चार दिवस वाढवा म्हणून सांगायला काय जातं? घरात चिटपाखरू नसताना कडी कुणासाठी लावतेस?"

अकरा वर्षं मी एकटी राहते आणि अकरा वर्षं कडी लावते. म्हणून मी चिडले. "ठीक आहे," मी म्हटलं, "आजपासून मीही नाही." पर्समधून दोन्ही चिमटे काढले आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. हा काही त्याग वगैरे नव्हता, शुद्ध खुन्नस होती.

शनिवारी दुपारपर्यंत माझी हनुवटी बोलायला लागली. माझे अजून काळे आहेत, लगेच दिसतात. एक बाई चष्म्याच्या चौकटी बघायला आली. मी वाकून तिच्या कानांमागे काडी बसवत होते आणि तिचे डोळे आरशात नव्हते. एरवी अशा बायका पंचवीस चौकटी घालून बघतात, हिनं तिसरीच घेतली. मालक दोनदा खाकरले. मग म्हणाले, "बरं वाटत नसेल तर घरी जा हवं तर." मी म्हटलं, मला ठणठणीत वाटतंय.

रविवारी आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसून जेवलो. उकाडा असह्य झाल्यामुळे आईनं स्कार्फ काढून ठेवला होता. मी तिला पहिल्यांदाच तशी बघितली. पांढरे खुंट, दाट, हनुवटीवर आणि जबड्याच्या दोन्ही कडांना. अगदी जिथं माझे आहेत तिथंच. डावीकडे एक रिकामी जागा, माझ्याकडेही आहे. डोळे मिटून चाचपलं तर आपलीच हनुवटी वाटावी.

"बघ ना आता, आई," मी म्हटलं. "सारखंच आहे. जागासुद्धा."

"तुझे लहानपणापासूनचे. माझे वयामुळे. वेगळं आहे ते."

"सुईवाली म्हणाली चाळीस वर्षं."

"सुईवालीला काय कळतंय?"

"आत्या वारली तेव्हा मी गेले नाही," मी म्हटलं. "तुला माहितीये का, का नाही गेले?"

आईनं हातातला चमचा खाली ठेवला. "सुट्टी मिळाली नव्हती तुला," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. बराच वेळ नळ चालू होता. मी हात जोडले. जी बाई स्वतःच्या तोंडावरचं कबूल करत नाही ती तोंडानं काय कबूल करणार? मिळायचं ते मिळालं, सोमवारची बैठक पार पडू दे आणि विषय संपव, असं मी स्वतःला बजावलं.

सोमवारी तिनं स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला होता. सुईवालीनं तो काढला, भिंग खाली घेतलं आणि म्हणाली, "शाब्बास मावशी. आता हे पीक आलं म्हणायचं." आईला खुर्चीत मागे टेकवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली. "आता एक ऐका. सुई आत असताना बोलायचं नाही, गिळायचं नाही, हनुवटी हलवायची नाही. दुखलं तर पाय हलवा."

तार आत गेली, पायाचं बटण टिक् झालं, चिमट्यानं केस अलगद बाहेर आला. एक. पुढचा. पुढचा. आईचा पाय एकदाही हलला नाही. दहा-बारा केसांनंतर सुईवालीनं हात थांबवला नाही, पण भिंगावरून माझ्याकडे बघितलं.

"अहो, आणि तुमचं हे काय? आठ वर्षं तुमच्यासमोर बसून काचा बदलून घेतेय, मला कधी दिसलं नाही."

"मी तुम्हाला दिसू दिलं नाही."

"मग कुणाकडून आलं? विचारावं लागतं, घराण्यातलं नसेल तर मी आधी डॉक्टरकडे पाठवते."

मला सोपं उत्तर माहीत होतं. तीस वर्षं ते पाठ होतं, आणि आईला ऐकू जावं म्हणून मी ते मोठ्यानं, कडवट तोंडानं म्हणून दाखवलं. "वडिलांकडून. आत्यावर गेलेय मी. आईकडे कुणालाच नाही."

सुईवाली हं म्हणाली आणि पुढच्या केसात तार घातली. आईच्या हनुवटीत ती आत होती, डोळ्यांवर पट्टी होती, तोंड बंद होतं. तिचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून वर आला. मला वाटलं दुखलं. तो हात थरथरत छातीपाशी गेला आणि एका बोटानं तिनं स्वतःकडे दाखवलं. मग परत दाखवलं, दोन-तीनदा, जोरानं, बोट छातीवर आपटेपर्यंत.

"हात खाली, मावशी," सुईवाली म्हणाली. "हलायचं नाही म्हटलं ना?"

आईनं हात खाली घेतला नाही.